क्यूआर कोडयुक्त पाठ्यपुस्तके

क्यूआर कोडयुक्त पाठ्यपुस्तक म्हणजे ज्याच्या पानांवर चौकोनी काळी-पांढरी सांकेतिक चिन्हे छापलेली असून ती मोबाइलच्या कॅमेऱ्याने वाचताच त्या पाठाशी संबंधित ध्वनिफीत, चित्रफीत, गोष्ट वा स्वाध्याय उघडतो, असे छापील पाठ्यपुस्तक होय. महाराष्ट्रात या प्रयोगाचा आरंभ सोलापूर जिल्ह्याच्या माढा तालुक्यातील परितेवाडी येथील जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेत झाला. शिक्षक रणजितसिंह डिसले हे त्याचे प्रवर्तक मानले जातात.

क्यूआर कोड ही मूळची शाळेसाठी केलेली योजना नव्हे. जपानमधील डेन्सो वेव्ह या कंपनीत मासाहिरो हारा यांनी १९९४ मध्ये मोटारींच्या सुट्या भागांची नोंद जलद व्हावी म्हणून ती सिद्ध केली. चिन्हाच्या तीन कोपऱ्यांतील मोठे चौकोन कॅमेऱ्याला दिशा दाखवतात. दुरुस्तीची उच्चतम पातळी वापरल्यास सुमारे ३० टक्के मजकूर खराब झाला तरी संकेत वाचता येतो. मुलांच्या हाती वर्षभर मळणाऱ्या पुस्तकाला हा गुण विशेष उपयुक्त ठरतो. पाठ्यपुस्तकातील संकेतात सहसा प्रत्यक्ष चित्रफीत नसते, तिचा केवळ पत्ता असतो. म्हणून पुस्तक एकदा छापले, तरी त्यामागील सामग्री पुढे बदलता येते.

डिसले २००९ मध्ये परितेवाडीच्या शाळेत रुजू झाले. जागतिक शिक्षक पुरस्काराच्या परिचयपत्रात नमूद केल्यानुसार तेथील मुलींची घरची भाषा कन्नड होती आणि पुस्तके मात्र त्या भाषेत नव्हती. डिसले यांनी स्वतः कन्नड शिकून घेतली, पहिली ते चौथीच्या पुस्तकांची नव्याने मांडणी केली आणि कविता, गोष्टी व पाठ त्या भाषेत ऐकता-पाहता यावेत म्हणून पानांवर संकेत घातले. येथे तंत्र दुय्यम होते. अडचण भाषेची होती आणि ती आधी ओळखली गेली, हे या प्रयोगाचे खरे वैशिष्ट्य. कोल्हापूर जिल्ह्यातील गडहिंग्लज, शिरोळ यांसारख्या सीमेलगतच्या तालुक्यांतील शिक्षकांनाही घरची भाषा एक आणि पुस्तकाची दुसरी, हा पेच नवा नाही.

२०१७ मध्ये महाराष्ट्र शासनाने राज्यभरच्या पाठ्यपुस्तकांत असे संकेत देण्याचे धोरण स्वीकारले. त्याच वर्षी ५ सप्टेंबरला केंद्राचे 'दीक्षा' हे व्यासपीठ सुरू झाले. २०१८ मध्ये केंद्रीय मनुष्यबळ विकासमंत्री प्रकाश जावडेकर यांनी एनसीईआरटीच्या पुस्तकांतही हे संकेत असतील, असे जाहीर केले. याच काळात राज्याच्या शालेय शिक्षण विभागाने भरवलेल्या 'शिक्षणाची वारी' या प्रदर्शनांत प्राथमिक शिक्षक आपापले प्रयोग दालनांत मांडत आणि इतर शिक्षक ते पाहून, प्रश्न विचारून, पटले तेवढे आपल्या वर्गात नेत. वरून आलेल्या परिपत्रकापेक्षा सहकाऱ्याने करून दाखवलेली गोष्ट शिक्षकाला लवकर पटते, हा अनुभव जुनाच आहे.

डिसले यांना ३ डिसेंबर २०२० रोजी वार्की फाउंडेशनचा १० लाख डॉलरचा जागतिक शिक्षक पुरस्कार जाहीर झाला. त्यातील निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतील इतर नऊ शिक्षकांना वाटून दिली.

संकेत पुस्तकात असला, तरी तो वाचणारा मोबाइल घरात असेलच असे नाही. 'दीक्षा'च्या संकेताखाली सहा अक्षरांचा क्रम छापलेला असतो. तो हाताने टाकूनही पाठ उघडता येतो, आणि सामग्री आधी उतरवून घेतली तर नंतर इंटरनेटशिवाय पाहता येते. परंतु या दोन्ही सोयींना उपकरण लागतेच. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्यावर ही उणीव ठळकपणे समोर आली: घरातला एकुलता एक मोबाइल कामावर जाणाऱ्या वडिलांबरोबर जाई आणि मुलांच्या हाती उरे ते केवळ छापील पान. त्याच सोलापूर जिल्ह्यात, शहरातील निलमनगर भागात, शिक्षकांनी तेव्हा घरांच्या बाहेरच्या भिंतींवर पाढे, अक्षरे आणि पाठ रंगवून घेतले.