कार्ड 18 मीटरचं, उडी 30 मीटरची

दुबई-शारजात नोकरीला असलेली आपल्या कोकणातली पोरं हल्ली ईदच्या सुट्टीत फुजैराला जाऊन स्कूबा डायव्हिंगचा कोर्स करतात. इथली काही मालवणला, काही अंदमानला. तीन-चार दिवसांत कार्ड हातात येतं आणि लगेच व्हॉट्सॲपवर माशांच्या घोळक्यातला फोटो. चांगली गोष्ट आहे. पण खरा धोका कोर्समध्ये कमी आणि कार्ड मिळाल्यानंतरच्या पहिल्या काही फेऱ्यांत जास्त असतो, हे घरच्यांना आणि पुष्कळदा त्या पोरालाही माहीत नसतं.

आधी एक फरक लक्षात घ्या. तारकर्लीला पर्यटकांना अर्धा तास पाण्याखाली नेतात, तो कोर्स नाही. तिथे गाइड तुमच्या पाठीची टाकी धरून असतो, सगळं तोच सांभाळतो. कार्ड मिळतं ते ‘ओपन वॉटर’ कोर्सचं. त्यात थोडी थिअरी, मग स्विमिंग पूल किंवा शांत उथळ पाणी आणि शेवटी समुद्रात 4 डाइव्ह. एकेक डाइव्ह अर्ध्या-पाऊण तासाची धरली तर समुद्रातला एकूण अनुभव दोन-तीन तासांचा. तेवढ्यावर परवानगी मिळते ती 18 मीटरपर्यंत, जोडीदाराबरोबर आणि जशा पाण्यात शिकलात तशाच पाण्यात. हे शेवटचं कलम कुणी वाचतच नाही.

त्या 4 डाइव्हमध्ये काही बिघडत नाही, कारण बिघडू न देणारा माणूस शेजारी असतो. जागा तो निवडतो, प्रवाह तो बघतो, हवा किती उरली ते तोच विचारत राहतो. विद्यार्थ्याला मात्र वाटतं, जमलं की मला! सरांनी फळ्यावर सोडवलेलं गणित वर्गातल्या प्रत्येकाला सोपंच वाटतं. वही उघडून एकट्याने सोडवायला घेतलं की समजतं.

आपल्या किनाऱ्यावरच्या पोरांचं आणखी एक आहे. खाडीत पोहत वाढलेली, समुद्राची भीती नाही. पण पोहणाऱ्याची पहिली सवय श्वास रोखून धरायची, आणि स्कूबात तीच सवय जीव घेऊ शकते. बॉइलचा नियम शाळेत सगळेच शिकलेत: दाब वाढला की हवेचं आकारमान कमी होतं, दाब कमी झाला की वाढतं. 10 मीटर खोल पाण्यात दाब पृष्ठभागाच्या दुप्पट असतो. तिथे छातीभर घेतलेली हवा वर येईपर्यंत दुप्पट जागा मागते. श्वास रोखून कुणी घाबरून वर झेपावला तर फुप्फुस फाटू शकतं. भरलेल्या छातीने दीड मीटर वर येणंसुद्धा त्यासाठी पुरेसं आहे. म्हणून स्कूबाचा पहिला नियम हाच, की श्वास कधीही थांबवायचा नाही.

आता हवेचा हिशेब. 11 लिटरचा सिलिंडर 200 बारपर्यंत भरला की त्यात साधारण 2,200 लिटर हवा मावते. शांत माणूस जमिनीवर मिनिटाला 20 लिटर घेतो असं धरू. 30 मीटरवर दाब चौपट, म्हणून तीच हवा मिनिटाला 80 लिटर लागते. 50 बार राखीव ठेवले तर उरतात 1,650 लिटर, म्हणजे जेमतेम 20 मिनिटं. घाबरला आणि श्वास दुप्पट झाला की 10. वर येतानाही घाई चालत नाही. मिनिटाला 9-10 मीटर या बेताने यायचं, 5 मीटरवर 3 मिनिटं थांबायचं. नवा डायव्हर तर घाबरलेला नसतानाही जास्तच हवा ओढतो, कारण त्याला पाण्यात स्थिर राहता येत नसतं. सारखे हातपाय मारत असतो, आणि वर एका हातात कॅमेरा!

साधारण 30 मीटरच्या आसपास नायट्रोजनची नशा चढू लागते. ज्याने आयुष्यात दारूचा थेंब घेतला नाही त्यालाही ती चढते. तिची वाईट खोड ही, की माणसाला अगदी छान वाटतं. इजिप्तमध्ये दहबच्या ‘ब्लू होल’ला खडकात एक कमान आहे, तिचं छत सुमारे 55 मीटरवर. साध्या हवेवर त्या कमानीतून जाऊन दाखवायच्या नादात कितीतरी जण गेले. त्यांच्या नावांच्या पाट्या किनाऱ्यावरच्या कड्यावर लावलेल्या आहेत. फ्लोरिडातल्या पाण्याखालच्या गुहांच्या तोंडाशी तर मृत्यूचं चित्र असलेले बोर्डच आहेत. त्यांवर लिहिलंय, की अशा गुहांमध्ये 300 हून जास्त डायव्हर मेले आणि त्यांत इन्स्ट्रक्टरही होते. म्हणजे उघड्या समुद्रात शिकवणारा उस्तादही गुहेत नवशिकाच ठरतो.

अपघातांच्या तपासात पुन्हा पुन्हा आढळणारी गोष्ट अशी, की मृत डायव्हरच्या कमरेचा शिशाचा पट्टा तसाच बांधलेला असतो. वर आल्यावर तो सोडला असता तर माणूस तरंगला असता. कोर्समध्ये शिकवलेलं असतं, पण घाबरल्यावर डोकं नव्हे, हाताची सवय काम करते, आणि 4 डाइव्हमध्ये सवय लागत नाही.

मग नव्या माणसाने काय करावं? पहिल्या 20-25 डाइव्ह 18 मीटरच्या आतच, अनुभवी गाइडबरोबर कराव्यात, असं माझं मत. कार्डाची मुदत संपत नाही, हीसुद्धा एक फसगतच. 5 वर्षांपूर्वीचं कार्ड दाखवून बोटीवर चढता येतं, पण हात सगळं विसरलेले असतात. वर्षभराचा खंड पडला असेल तर आधी पूलमध्ये उजळणी करावी. आणि डायव्हर लोकांत एक चांगली रीत आहे: कुणीही, कधीही, कारण न देता डाइव्ह रद्द करू शकतो, त्याला कुणी चिडवायचं नाही. आपल्या पोरांना हे खास सांगायला हवं, कारण मित्रांच्या घोळक्यात ‘डरपोक’ हा शब्द फार लवकर निघतो.

शेवटचं, आखातातून येणाऱ्यांसाठी. सकाळी फुजैराला डाइव्ह आणि रात्री मुंबईची फ्लाइट, असा बेत करू नका. रक्तात विरघळलेला नायट्रोजन विमानात दाब कमी झाला की बुडबुडे करू शकतो. एकच डाइव्ह असेल तर निदान 12 तास, जास्त असतील तर 18 तास जाऊ द्यावेत. घरी आल्यावर सांधे दुखायला लागले, हातपाय बधिर झाले, चक्कर आली, तर प्रवासाचा थकवा म्हणून झोपू नका. दवाखान्यात जा आणि काल-परवा डायव्हिंग केलं होतं हे डॉक्टरांना आपण होऊन सांगा, कारण ते विचारतीलच असं नाही.