बंद पडलेल्या संगणकाचा पंचनामा

बँकांचे व्यवहार, रेल्वेचे आरक्षण, रुग्णालयांतील नोंदी अशी कितीतरी कामे आज संगणकांवर सोपविलेली आहेत. असा एखादा संगणक भर कामात अकस्मात थबकतो आणि आपोआप पुन्हा सुरू होतो. काम पुढे चालू लागते. लोक तो प्रसंग विसरूनही जातात. परंतु ज्या दोषामुळे तो थबकला, तो दोष तसाच राहिलेला असतो आणि त्याचा माग काढणे आता अवघड होऊन बसते. असे का बरे व्हावे?

संगणकाच्या तबकडीवर साठविलेला मजकूर वीज गेली तरी टिकतो. चालू कामाची स्मृती मात्र निराळी असते. तिला रॅम म्हणतात. ती अतिशय चपळ, परंतु क्षणभंगुर होय. घात कसा झाला याचा पुरावा नेमका तिच्यातच असतो, आणि संगणक नव्याने सुरू होताना पुसली जाते तीही तीच! पूर्वी असे नव्हते. १९६० च्या सुमारास पुष्कळ संगणकांची स्मृती इवल्याशा चुंबकीय कड्यांची असे व वीज गेल्यावरही कड्यांचे चुंबकत्व कायम राही. त्या कड्यांना ‘कोअर’ म्हणत. आता कडी गेली. पण स्मृतीच्या नकलेला ‘कोअर डंप’ म्हणण्याचा प्रघात राहिला आहे.

मग थबकतानाच संगणकाने सारी हकीकत तबकडीवर का उतरवू नये? संगणकाचा सर्व कारभार पाहणाऱ्या आज्ञावलीला ऑपरेटिंग सिस्टीम, व तिच्या गाभ्याला कर्नल म्हणतात. कर्नलचीच शुद्ध हरपली, तर त्याच्या लिखाणावर विश्वास कोणी ठेवावा? तो भलत्याच जागी लिहून चांगल्या मजकुराचाही नाश करील.

लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टीममध्ये २००५ साली यावर ‘केडंप’ नावाची एक नामी योजना आली. तिच्या कर्त्यांत भारतात काम करणारे अभियंतेही होते. या योजनेत संगणक सुरू होतानाच रॅमचा एक लहानसा भाग राखून ठेवतात आणि त्यात दुसरा एक कर्नल निजवून ठेवतात. मुख्य कर्नल कोसळला, की शेवटच्या क्षणी तो कारभार या दुसऱ्याच्या हाती देतो. संगणक नेहमीच्या रीतीने पुन्हा सुरू होत नसल्याने रॅम पुसली जात नाही. हा नवा कर्नल राखीव जागेच्या बाहेर पाऊल टाकीत नाही. म्हणून पहिल्याच्या स्मृतीला धक्का लागत नाही. ती सारी तो तबकडीवर उतरवून घेतो, आणि मगच संगणक रीतसर पुन्हा सुरू होतो. पुढे ती नक्कल तपासून, कोसळताना कोणती आज्ञा चालू होती, हे तज्ज्ञ शोधून काढतात.

एवढ्यासाठी राखलेली जागा बारा महिने रिकामी अडकून पडते. पण तो खर्च मोठा नव्हे. वीजच तुटली, तर मात्र या योजनेचा काही इलाज चालत नाही. शिवाय त्या नकलेत लोकांचे परवलीचे शब्द व खाजगी मजकूरही आलेला असू शकतो. म्हणून ती कोणाच्या हाती द्यावयाची, हे फार विचारपूर्वक ठरवावे लागते.