हेलिकॉप्टर प्रशिक्षणातील प्रकारबदल

हेलिकॉप्टर प्रशिक्षणातील प्रकारबदल : खाजगी वैमानिकाच्या परवान्यासाठी एका प्रकारच्या हेलिकॉप्टरावर सुरू केलेले शिक्षण मध्येच दुसऱ्या प्रकारावर पुढे चालविणे, यास प्रकारबदल म्हणतात. शिक्षणसंस्था बदलणे, हेलिकॉप्टर दुरुस्तीसाठी दीर्घकाळ बंद राहणे, उड्डाणाचा ताशी खर्च व उमेदवाराचे वजन ही त्याची प्रमुख कारणे होत. उदा., रॉबिन्सन आर २२ या दोन आसनी अमेरिकन हेलिकॉप्टराचे (प्रमाणन १९७९) कमाल उड्डाणवजन सु. ६२२ किग्रॅ. असून प्रत्येक आसनावर सामानासह सु. १०९ किग्रॅ.हून अधिक भार चालत नाही. वजनदार उमेदवारास म्हणून चार आसनी आर ४४ किंवा श्वाइझर ३०० या हेलिकॉप्टरांकडे वळावे लागते.

रचनेतील फरक : आर २२ व आर ४४ यांचा मुख्य घूर्णक दोन पात्यांचा असून ती पाती तराजूच्या दांडीप्रमाणे एकत्र वरखाली झुलतात. श्वाइझर ३०० च्या घूर्णकास तीन पाती असून प्रत्येक पाते स्वतंत्र बिजागरीवर हलते. आर २२ च्या हलक्या घूर्णकाचे जडत्व अल्प असते. एंजिन बंद पडल्यास कलेक्टिव्ह दांडा एक ते दीड सेकंदात खाली न घेतल्यास पात्यांची गती धोक्याच्या मर्यादेखाली जाते. अधिक जडत्वाच्या घूर्णकावर थोडी अधिक सवड मिळते. तिची सवय झालेल्या उमेदवारास आर २२ वर ही प्रतिक्रिया नव्याने अंगवळणी पाडावी लागते.

सायक्लिक दांडा झटक्याने पुढे रेटल्यास घूर्णकावरील भार नाहीसा होऊन हेलिकॉप्टर उजवीकडे कलू लागते. झुलत्या घूर्णकाच्या बाबतीत अशा वेळी दांडा सहजप्रवृत्तीने डावीकडे नेल्यास घूर्णकाचे नाभिकेंद्र आसावर आदळून आस तुटू शकतो. दांडा प्रथम हळुवारपणे मागे घेऊन घूर्णकावर भार आणणे व मगच कल सुधारणे, हाच योग्य उपाय होय. याउलट, तीन पात्यांच्या बिजागरी घूर्णकाच्या हेलिकॉप्टरात जमिनीवर असताना पात्यांचा तोल बिघडून भू-अनुस्पंदन उद्‌भवू शकते. घूर्णकाची गती पुरेशी असल्यास तत्काळ जमीन सोडणे व ती पुरेशी नसल्यास एंजिनाची शक्ती काढून घूर्णक थांबविणे, हे त्यावरील उपाय आहेत. आर २२ वर शिकणाऱ्यास या संकटाचा सराव घडलेला नसतो.

आर २२ मध्ये घूर्णकाची गती स्थिर ठेवणारा नियंत्रक असतो. श्वाइझर ३०० च्या अनेक नमुन्यांत तो नसल्याने मुठीतील थ्रॉटल हाताने सांभाळावा लागतो. अमेरिकन बनावटीचे घूर्णक वरून पाहता घड्याळाच्या काट्यांच्या विरुद्ध दिशेने फिरतात, तर फ्रेंच काब्री जी २ चा घूर्णक काट्यांच्या दिशेने फिरतो. त्यामुळे शक्ती वाढविताना पहिल्यांत डावे, तर दुसऱ्यात उजवे पेडल दाबावे लागते.

नियम : अमेरिकेत या परवान्यासाठी किमान ४० तासांचे उड्डाण आवश्यक असून त्यात २० तास प्रशिक्षकासह व १० तास एकट्याने करावे लागतात. हे तास वेगवेगळ्या प्रकारांवर केलेले चालतात; मात्र एकट्याने उडण्याची अनुमती ठरावीक प्रकारापुरतीच असते. घूर्णकावरील ताबा सुटून झालेल्या अपघातांनंतर १९९५ मध्ये आर २२ व आर ४४ यांसाठी विशेष नियम करण्यात आला. त्यानुसार हेलिकॉप्टराचा परवाना नसलेल्या उमेदवारास आर २२ वर एकट्याने उडण्यापूर्वी त्याच प्रकारावर प्रशिक्षकासह २० तास करावे लागतात. श्वाइझरवर १५ तास प्रशिक्षकासह घालवून आर २२ कडे येणाऱ्याचे १५, २० व एकट्याचे १० असे किमान ४५ तास होतात.

यूरोपीय संघाच्या नियमांनुसार किमान ४५ तासांपैकी ३५ तास परीक्षेसाठी वापरावयाच्या प्रकारावरच व्हावे लागतात. पहिल्या १० तासांत केलेल्या बदलाने नियमाचे किमान तास वाढत नाहीत. २५ तासांनंतर बदल केल्यास मात्र एकूण तास किमान ६० होतात. शिवाय तेथे परवान्यावर प्रत्येक प्रकाराची स्वतंत्र नोंद लागते.

प्रशिक्षणाची पद्धती : नव्या प्रकाराचे उड्डाणपुस्तक, वजनाच्या व वेगाच्या मर्यादा आणि आपत्कालीन कृती यांच्या अभ्यासापासून आरंभ होतो. नंतर अधांतरी स्थिर राहणे व स्वयंपरिभ्रमणाने उतरणे यांचा सराव पुन्हा करतात. नित्याची उड्डाणकौशल्ये थोड्या तासांत जुळून येतात. परंतु अचानक संकटात हात-पाय जुन्या सवयीनेच हलण्याचा संभव असतो. यास्तव बदल प्रारंभी किंवा परवाना मिळाल्यानंतर करणे इष्ट ठरते. एकट्याच्या पहिल्या उड्डाणाच्या किंवा परीक्षेच्या तोंडावर तो टाळणे श्रेयस्कर होय.