सुरगाठीची नाव

भर पावसाळ्यात सहस्रकुंडाला गेलं की पैनगंगेचा आवाज आधी छातीत घुमतो, मग कानात. अलीकडे नांदेड जिल्ह्यातलं इस्लापूर, पलीकडे यवतमाळ जिल्हा, आणि मधे काळ्या खडकावरून कोसळणारं पांढरंशुभ्र पाणी. तिथे नाव घालण्याचा विचारसुद्धा कुणी करू नये. पण पांढरं पाणी म्हणजे काय, हे मला तिथे उभं राहून कळलं. पाण्यात हवा मिसळते म्हणून ते पांढरं दिसतं, आणि त्याच हवेमुळे ते माणसाला नेहमीइतकं तोलून धरत नाही. पोहणाऱ्याचा हात अशा फेसात पोकळच फिरतो.

याहून सौम्य पण खळाळत्या, खडकाळ पाण्यातून जगभर माणसं कनू चालवतात, आणि तीही गुडघे टेकून. कयाक आणि कनू यांत आपल्याकडे गल्लत होते. कयाकमध्ये पाय पुढे पसरून बसायचं आणि दोन्ही टोकांना पातं असलेलं वल्हं मारायचं. कनूत एकच पातं असतं आणि बसणं जवळपास वज्रासनाचं. उत्तर अमेरिकेच्या आदिवासींनी भूर्जाच्या सालीच्या ज्या हलक्या नावा बांधल्या, त्यांतही तळाशी गुडघे टेकण्याची रीत होती. गुडघे टेकले की शरीराचा भार खाली जातो, कंबर मोकळी राहते आणि हात लांबवर पोचतो. नाव डाव्या अंगाला कलंडली तर डावा गुडघा हलका करून, उजवा दाबून ती खालूनच सरळ करता येते. फळीवर बसलेल्या माणसाला हे जमत नाही, कारण त्याचा आणि नावेचा सांधा एकाच जागी असतो. गुडघे टेकलेल्याचे सांधे तीन: दोन गुडघे आणि बैठक. तिपाई डगमगत नाही, ती याच कारणाने.

खेळ म्हणून या विद्येचा प्रवास लहान आहे. खळाळत्या पाण्यातली स्लॅलम शर्यत ऑलिम्पिकमध्ये पहिल्यांदा आली १९७२ साली, म्युनिकच्या वेळी ऑग्सबर्गच्या कालव्यात. मग थेट १९९२ला बार्सिलोनात परतली. बायकांना कनूची ऑलिम्पिक स्लॅलम शर्यत मिळायला तर टोकियो उजाडावं लागलं. आपल्या देशात फेब्रुवारी २०२३च्या खेलो इंडिया युवा स्पर्धांत स्लॅलमचा समावेश झाला. ती शर्यत झाली अहिल्याबाईंच्या महेश्वरात, नर्मदेच्या सहस्रधारेवर. त्याच वर्षी हांगझोउच्या आशियाई स्पर्धेत अर्जुन सिंग आणि सुनील सिंग यांनी हजार मीटरच्या दुहेरी कनूत कांस्यपदक आणलं. ती शर्यत संथ पाण्याची आणि त्यांचं टेकणं एका गुडघ्याचं. पण टेकणं आहेच.

मग यात नांदेड-लातूरचं काय, असं कुणीही विचारील. आपण दुष्काळाची माणसं. एप्रिल २०१६मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आलं तेव्हा लातूरकरांनी घागरी मोजल्या. पण त्याच लातुरात सप्टेंबर २०२१मध्ये मांजराकाठच्या लोकांना बोटींनी आणि हेलिकॉप्टरने बाहेर काढावं लागलं. ऑगस्ट २०२५मध्ये मुखेड तालुक्यात हसनाळ आणि शेजारच्या गावांत रात्रीतून पाणी शिरलं, माणसं दगावली, लष्कराला बोलवावं लागलं. आपल्याकडे पाणी वर्षातले बरेच महिने नसतं आणि येतं तेव्हा अंगावर येतं. म्हणूनच नावेची सवय आपल्या हाडीमाशी भिनलेली नाही. गोदाकाठच्या भोई मंडळींना ती आहे. बाकीच्यांना पूर आला की नाव आठवते.

आणि तेव्हा हाताशी काय असतं? कृष्णाकाठी गुळाची काहील, आपल्याकडे थर्माकोलचा चप्पू. गंगापूर तालुक्यातल्या भिव धानोऱ्याची मुलं जायकवाडीच्या फुगवट्यातून असल्याच थर्माकोलवरून शाळेला जात, हे २०२३ साली राज्यभर गाजलं. मला या मुलांची आठवण सुटत नाही. चप्पूवर माणूस घाबरला की उठून उभा राहतो, आणि उलटण्याला तेवढं पुरतं. गुडघे रुंद टेकून बूड टाचांवर ठेवलं तर तोच चप्पू कितीतरी शांत चालतो. याला पैसा लागत नाही. मात्र चप्पूवर किंवा काहिलीत स्वतःला दोरीने बांधून घेणं ही आत्महत्या आहे. तिथे गुडघे आणि अंगावर जीवरक्षक जाकीट, एवढंच.

बांधून घेणं ही वेगळी विद्या, आणि ती आपल्या शेतकऱ्याला ठाऊक आहे. बैल जुपताना जुपणी सुरगाठीने बांधतात, निरगाठीने नाही. बैल अडखळून पडला तर एका हिसक्यात तो जुवातून मोकळा व्हायला हवा. कनूची सगळी अंतर्गत सजावट या एका नियमावर उभी आहे.

दोन वर्षांपूर्वी मी एक जुनी, फायबरची, एकट्याची कनू मिळवली आणि ती आतून सजवायला घेतली. आधी खोगीर. घट्ट फोमचा ठोकळा, घोड्यावर मांड टाकावी तसा दोन मांड्यांमध्ये येणारा, नावेच्या मध्यापासून किंचित मागे. वज्रासनात दहा मिनिटांत पायाला मुंग्या येतात त्या सगळा भार पोटऱ्यांवर पडतो म्हणून. खोगीर तो भार स्वतःवर घेतं. उंची सात ते नऊ इंचांच्या घरात. उंच केलं तर पाय सुखावतात पण नाव चंचल होते. फार बुटकं केलं तर उलटल्यावर घोटा अडकतो, आणि घोटा अडकणं याइतकी वाईट गोष्ट या खेळात दुसरी नाही. म्हणून माप अनवाणी घ्यायचं नाही. ज्या बुटांनी पाण्यात उतरणार तेच घालून घ्यायचं.

गुडघ्यांखाली फोमच्या गाद्या, शक्य तितक्या रुंद अंतरावर, गुडघ्याच्या वाटीला खळगा कोरलेल्या. पावलांमागे टेकू, रिकिबीसारखा: बोटं त्यावर रोवली की शरीर पुढे सरकून पट्ट्यांखाली घट्ट बसतं. पट्टे दोन. एक टोक नावेच्या तळाला मधोमध, दुसरं बाहेरच्या कडेला, आणि मधे मांडीवरून तिरपा ताण. गुडघ्याकडे फार घसरला तर तो ऐन वेळी निसटतो, जांघेकडे फार चढला तर सुटत नाही. मांडीच्या साधारण मध्यावर तो बसावा. हे पट्टे आहेत म्हणूनच उलटलेली कनू कंबरेच्या हिसक्याने पुन्हा सरळ करता येते, आणि ते जमलं नाही तर टेकूवरचे पाय सोडून, बक्कल ओढून बाहेर निसटता येतं.

पट्ट्याची डीच्या आकाराची कडी ज्या तुकड्यावर असते, तो नावेला चिकटवायचा असतो. हे काम मी श्रावणात केलं. हवा ओलसर, भिंतींना बुरशी. दोन दिवसांनी अंगणातच जोर लावून पट्टा ओढला, तर कडी तुकड्यासकट हातात आली. नांदेडच्या जुन्या मोंढ्याजवळ चप्पल दुरुस्त करणाऱ्या एका काकांकडे तो तुकडा घेऊन गेलो. त्यांनी कनू कधी पाहिली नव्हती, पण तुकडा हातात घेताच हा तर चपलेच्या तळाचा माल म्हणून ओळखला. मग त्यांनी करून दाखवलं. दोन्ही पृष्ठभाग पॉलिशपेपरने खरखरीत केले, थिनरने पुसले, दोन्हींवर सोल्युशनचा पातळ हात दिला. आणि थांबले. मी तुकडा उचलायला गेलो तर माझा हात बाजूला केला. दर थोड्या वेळाने ते बोटाची मागची बाजू सोल्युशनला टेकवून पाहत. चिकटपणा जाणवला पाहिजे, पण बोटाला काही लागता कामा नये. तो क्षण आल्यावर त्यांनी तुकडा एका कडेपासून गुंडाळी उलगडावी तसा लावला, आत हवेचा बुडबुडा न ठेवता, आणि हातोडीच्या गोल डोक्याने मधून कडेकडे ठोकला. दिवाळीनंतरच्या कोरड्या हवेत मी त्याच पद्धतीने सगळ्या कड्या बसवल्या आणि पूर्ण दिवसभर नावेला हात लावला नाही. एकही हलली नाही. प्लॅस्टिकची, म्हणजे पॉलिथिनची नाव असती तर हे सोल्युशन कामाचं नव्हतं. तिथे नटबोल्टच लागतात.

पुढच्या आणि मागच्या टोकात हवेच्या पिशव्या भरायच्या आणि वरून दोरीची जाळी ओढायची. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. उघडी नाव भरली की तिच्यात शेकडो किलो पाणी मावतं आणि ती खडकावर जाऊन दुमडते. पिशव्या असल्या की पाण्याला मधल्या खड्ड्यापुरतीच जागा उरते. जाळीची दोरी ताठ हवी, एकही लोंबता फास नको. पाय अडकायला तेवढा फास पुरतो.

महाराष्ट्रात असल्या नावेला खरं पाणी आहे ते कोलाडच्या कुंडलिकेत, भिऱ्याच्या वीजघरातून सोडलेलं. पण शिकायला खळाळ लागतच नाही. विष्णुपुरीचा शंकरसागर आहे, मांजरा धरणाचं पाणी आहे. परवानगी, जाकीट, हेल्मेट आणि काठावर दोरी घेऊन उभा असलेला माणूस एवढी तयारी हवी. आपल्या महाविद्यालयांनी आणि आपत्ती विभागांनी उन्हाळ्याच्या तोंडाशी, पाणी शांत असताना, पोरांना गुडघ्यावर बसवावं अशी माझी कळकळीची विनंती आहे.

माझी पहिली चाचणी छातीभर पाण्यात झाली. मित्र शेजारी उभा होता. पट्टे ओढले, श्वास घेतला आणि मुद्दाम कलंडलो. वर-खाली कळेनासं झालं, नाकात पाणी, कानात गच्च शांतता. हाताने मांडी चाचपली, मांडीवरून बक्कल. ओढलं. डावा पट्टा सुटला, उजवा सैल झाला, पाय खोगिराखालून अलगद सरकले आणि डोकं वर आलं. मित्राने चार अंक मोजले होते. तो तीन म्हणेपर्यंत आम्ही ते पुन्हा पुन्हा केलं.