पाषाणांची बखर : लेखांक ७
हिमनदीच्या गाळावर चुनखडक

मागच्या लेखांकात विषुववृत्तापर्यंत पोहोचलेल्या हिमयुगाचे पुरावे पाहिले. बर्फ वितळल्यावर समुद्राच्या पाण्याचं काय झालं, ते आज पाहू. त्यासाठी आधी शिरोड्याच्या मिठागरात जायला हवं. पाण्यातून खनिज कधी बाहेर पडतं, ते तिथे उघड्यावर दिसतं.

भरतीचं पाणी आगरात घेऊन वाफ्यावाफ्यांतून उन्हात आटवत नेतात. किलोभर समुद्राच्या पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. पण ते सगळे एकदम तळाशी बसत नाहीत. पाणी साधारण निम्म्यावर आलं की आधी कॅल्शियम कार्बोनेट, म्हणजे चुनखडीचं द्रव्य, सुटतं. पाचव्या हिश्श्याच्या आसपास जिप्सम. मीठ धरतं ते पाणी जेमतेम दहावा हिस्सा उरल्यावर. १९३० च्या मे महिन्यात सत्याग्रहींनी शिरोड्याला कायदा मोडून उचललं ते मीठ या क्रमात तिसरं.

हा क्रम डोक्यात ठेवून हिमाचल प्रदेशात सोलनच्या परिसरात जाऊ. ब्लैनी नावाच्या खडकसमूहात खाली हिमनदीचा गाळ आहे : बारीक चिखलात लहानमोठे गोटे, वाटेल तसे रुतलेले. त्याच्यावर काही मीटर जाडीचा गुलाबी डोलोमाइट. हाही कार्बोनेटच, फक्त त्यात कॅल्शियमच्या जोडीला मॅग्नेशियम असतं. नामिबिया, ऑस्ट्रेलिया, चीन, कॅनडा इथेही सुमारे ६३.५ कोटी वर्षांपूर्वी संपलेल्या हिमयुगाच्या गाळावर असाच थर बसलेला आहे.

पाणी आटून हे कार्बोनेट साचलं असतं, तर त्याच्यावर जिप्सम आणि मीठ सापडायला हवं. तसा क्रम इथे नाही. उलट बर्फ वितळत होतं, समुद्र चढत होता. पाणी वाढत असतानाही कार्बोनेट तळाशी बसलं, याचा अर्थ त्याचा पुरवठाच अफाट वाढला होता.

तो आला कुठून? भूवैज्ञानिक पॉल हॉफमन आणि सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये नामिबियातल्या खडकांवरून उत्तर मांडलं. जमीन बर्फाखाली असताना खडकांची झीज जवळपास थांबली, पण ज्वालामुखी थांबले नाहीत. त्यांनी सोडलेला कार्बन डायऑक्साइड झिजेत शोषला न जाता हवेत लक्षावधी वर्षं साठत गेला. आजच्या सुमारे ३५० पट झाल्यावर बर्फ वितळलं असावं, असं ते गणित. मग त्या वायूमुळे आम्लधर्मी झालेला पाऊस हिमनद्यांनी दळून ठेवलेल्या दगडाच्या पिठावर पडला. त्यातून कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि बायकार्बोनेट नद्यांवाटे समुद्रात लोटलं.

खडकात याच्या खुणा आहेत. नामिबियातल्या थरांतलं बोरॉन सांगतं, की समुद्र आधी थोडा काळ आम्लतेकडे झुकला होता. पुढे नद्यांनी आणलेल्या क्षारांनी ती आम्लता मारली आणि कार्बोनेट बदाबदा पडू लागलं. काही ठिकाणी ॲरागोनाइटचे, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटच्याच एका रूपाचे, स्फटिक थेट समुद्रतळावर पंख्यासारखे फुलले. आज समुद्रातलं हे काम मुख्यतः शिंपले, प्रवाळ आणि सूक्ष्म जीव करतात. तेव्हा कवचधारी प्राणी जन्मालाच आले नव्हते. पाण्यातच इतकं कार्बोनेट होतं, की ते कवचांशिवायच तळाशी बसलं.

मात्र हा थर किती वेळात साचला, यावर भूवैज्ञानिकांचं एकमत नाही. हॉफमन यांच्या मांडणीत हे काम झपाट्याने उरकतं. काही थरांत मात्र पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राची उलटापालट नोंदलेली दिसते, आणि तिला बराच अवधी लागतो. पुढच्या आठवड्यात हा वाद.