राजगड-तोरणा : धारेवर निघण्यापूर्वी...

पुण्यात लख्ख ऊन पडलेले असते, त्याच वेळी राजगडाची संजीवनी माची ढगात बुडालेली असते. पावसाळ्यात हा अनुभव नवा नाही. तरीही राजगड ते तोरणा या डोंगरधारेवरील पदभ्रमणाला निघणारे अनेकदा शहराचाच अंदाज पाहून घर सोडतात.

ही चूक का महाग पडते, हे वाटेचे स्वरूप पाहिले की कळते. अळू दरवाजातून राजगड सोडला, की तोरण्याच्या बुधला माचीपर्यंतची सहा ते आठ तासांची चाल बहुतांशी धारेवरूनच आहे. आडोसा म्हणजे धनगरांची तुरळक घरे. वेल्ह्याहून भुतोंड्याकडे जाणारा रस्ता ज्या खिंडीत धार ओलांडतो, तीच माघारीची सोयीची जागा. खिंड मागे टाकल्यावर एकतर परत फिरणे किंवा बुधला माचीची अवघड चढण चढणे, एवढेच हाती उरते. धुक्यात तर धारेला फुटलेली भलतीच सोंड धरली जाण्याचा धोका असतो.

भारतीय हवामान विभाग पुण्याच्या घाटमाथ्यासाठी स्वतंत्र इशारा देतो. पाहायचा तो हा. पिवळा रंग लक्ष ठेवण्याचा, नारिंगी सज्ज राहण्याचा आणि लाल तातडीने कृती करण्याचा. धारेवर जाणाऱ्याने नारिंगीलाच लाल समजलेले बरे. चोवीस तासांत ६४.५ मिलिमीटरहून अधिक पाऊस 'जोरदार' आणि २०४.४ मिलिमीटरच्या पुढचा 'अत्यंत जोरदार' गणला जातो. शिवाय तोरण्याची उंची सुमारे १,४०० मीटर, तर पुण्याची साडेपाचशेच्या आसपास. त्यामुळे माथ्यावरचे तापमान शहरापेक्षा सुमारे पाच अंशांनी कमी असू शकते. ओल्या कपड्यांत आणि वाऱ्यात ते त्याहून कमी भासते.

एप्रिल-मे आणि ऑक्टोबरमध्ये खरी भीती दुपारच्या विजांची. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेचे 'दामिनी' हे मोबाईल अ‍ॅप २० ते ४० किलोमीटर परिसरातील विजेची सूचना देते. मात्र धारेवर सर्वत्र रेंज मिळेलच असे नाही. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत तीस सेकंदांहून कमी वेळ गेला, तर ती दहा किलोमीटरच्या आत आहे. अशा वेळी धारेचा माथा तत्काळ सोडावा आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास पुन्हा वर येऊ नये.

वाटेची चौकशी आदल्या दिवशी गुंजवणे किंवा वेल्हे येथील ग्रामस्थांकडे करावी. 'वाट कशी आहे' एवढेच विचारले, तर 'चांगली आहे' हेच उत्तर मिळते. रोज पायाखाली असलेली वाट कोणालाही चांगलीच वाटणार. त्याऐवजी नेमके विचारावे. शेवटचा पाऊस कधी झाला? गवताने किंवा कारवीने वाट झाकली आहे का? कोठे दरड आली आहे का? टाक्यांत पिण्याजोगे पाणी आहे का, आणि मधल्या घरांत सध्या माणसे राहतात का? उन्हाळ्यात शेवटचे दोन प्रश्न सर्वांत महत्त्वाचे. पावसाळ्यात जिल्हा प्रशासनाने बंदीचा आदेश काढला आहे का आणि गडावर मुक्कामाला परवानगी आहे का, हेही आधीच पाहावे.

एवढे करूनही हवा फिरू शकते. म्हणून खिंडीत किती वाजेपर्यंत पोहोचायचे, हे निघतानाच ठरवून घ्यावे. ती वेळ टळली असेल किंवा आभाळ भरून येत असेल, तर तोरणा पुढच्या खेपेस ठेवून वेल्ह्याकडे उतरणारा रस्ता धरावा.