गळानें मासे धरण्याचा छंद : वऱ्हाडांतील नवशिक्यांकरितां कांहीं सूचना

पेरणी, डवरणी व वेचणी यांच्या धांदलींतून शेतकऱ्यास जो थोडा विसावा मिळतो, तो पाण्याच्या कांठीं गळ टाकून घालविणें हा जुना व अल्प खर्चाचा विरंगुळा आहे. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर यानें बाराव्या शतकांत रचलेल्या 'मानसोल्लास' या संस्कृत ग्रंथांत 'मत्स्यविनोद' म्हणून या विषयाचें स्वतंत्र प्रकरण आहे. तेव्हां हा छंद साहेबलोकांनीं आणला, ही समजूत बरोबर नाहीं. परंतु एकाची करमणूक दुसऱ्याच्या पोटावर येऊं नये, म्हणून साहित्याच्या आधीं आम्ही पाण्याचा विचार करतों.

पाणी कोणाचें ?—वऱ्हाडांत पूर्णा, तिला मिळणाऱ्या शहानूर, काटेपूर्णा, मोर्णा इत्यादि नद्या, आणि पूर्वेस वर्धा, हीं मुख्य पाणी होत. मोर्शीनजीक सिंभोरा येथें वर्धेवर मोठें धरण आहे. अशा जलाशयांतील मासेमारीचा ठेका मत्स्यव्यवसाय खातें बहुधा मच्छीमारांच्या सहकारी संस्थांस देतें, व संस्था खर्च करून त्यांत मत्स्यबीज सोडते. तो मासा म्हणजे त्यांचें पीक होय. आपल्या हरभऱ्याचे घाटे वाटसरूनें ओरबाडले असतां आपणांस जें वाटेल, तेंच भोई बंधूंस वाटतें. म्हणून संस्थेच्या चिटणीसांस विचारून, शुल्क असल्यास तें भरूनच बसावें. गांवतळ्याविषयीं ग्रामपंचायतींत चौकशी करावी. मेळघाटांतील व्याघ्रप्रकल्पांत व महान धरणाजवळील काटेपूर्णा अभयारण्यांत १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा लागू आहे. तेथें गळ नेऊंच नये.

आरंभ कोठें करावा ?—आपल्याच शेततळ्यावर. २०१६ सालीं 'मागेल त्याला शेततळे' ही योजना निघाल्यापासून अशीं तळीं पुष्कळ झालीं आहेत. त्यांत बहुधा कटला, रोहू व मृगळ या तीन जाती सोडतात. कटला वरच्या थरांत, रोहू मधल्या थरांत व मृगळ तळाशीं चरतो. त्या मानानें आमिष खोल अथवा उथळ ठेवावें. या जाती साठलेल्या पाण्यांत आपोआप वितत नाहींत; त्यांस पावसाळ्यांतील वाहतें पाणी लागतें. यास्तव शेततळ्यांतून काढलेला प्रत्येक मासा हिशेबांत धरावा, कारण त्याची भर बीज विकत आणूनच करावी लागते.

साहित्य.—दहा फूट लांबीची, शेंड्याकडे निमुळती व लवचिक अशी बांबूची काठी, तितकाच लांब नायलॉनचा बारीक दोर, व लहान गळ एवढें पुरे. ज्वारीच्या धांड्याचा चार बोटें तुकडा दोरास बांधला कीं तो पाण्यावर तरंगून माशाची हालचाल कळवितो. गळाच्या वर वीतभर अंतरावर शिशाची लहान गोळी दाबावी. प्लास्टिक अंथरलेल्या तळ्यांत गळ बुडास लागूं देऊं नये. प्लास्टिक फाटलें तर पाणी जाईल. आमिषास गांडूळ, किंवा कणकेंत थोडी ढेप मळून केलेली वाटाण्याएवढी गोळी चालते.

कृति.—आश्विन सरल्यावर पाणी निवळतें, तेव्हां शिकण्यास प्रारंभ करावा. पौष-माघाच्या थंडींत ऊन तापल्यावर व उन्हाळ्यांत सकाळ-संध्याकाळ मासा अधिक चरतो. पाण्यावर आपली सावली पडूं देऊं नये व पाय आपटूं नयेत. धांडा नुसता थरथरला तर थांबावें. तो बुडाला किंवा एकीकडे सरकूं लागला म्हणजे मनगटानें काठी हलकेच उचलावी. झटका दिल्यास दोर तुटतो किंवा माशाचें तोंड फाटतें. लहान मासा परत सोडावयाचा असल्यास हात ओले करून धरावा; कोरड्या हातानें त्याच्या अंगावरील बुळबुळीत थर निघून जातो. शिंगाळ्याचे कांटे टोंचले असतां फार ठणकतात, हें ध्यानांत असावें.

वर्ज्य गोष्टी.—पावसाळ्याच्या आरंभीं गाभोळीचे मासे धरूं नयेत. मरळ आपल्या पिलांच्या थव्याची राखण करते. त्या वेळीं तिला धरल्यास पिलें इतर माशांच्या तोंडीं जातात. उन्हाळ्यांत नदी आटून डोहच उरतात, व पुढील वर्षाचें बीज त्यांतच असतें. तेथें सुरुंग उडविणें किंवा विष घालणें हा १८९७ च्या मत्स्य कायद्यापासून गुन्हा आहे. फवारणीच्या औषधांचे डबेही नदींत धुऊं नयेत. मासा मरतो आणि तेंच पाणी गुरें पितात.

जिवाची काळजी.—प्लास्टिकच्या उतारावर शेवाळ धरतें व पाय घसरला म्हणजे पोहणाऱ्यासही वर येतां येत नाहीं. म्हणून तळ्याच्या चारी बाजूंस गांठी मारलेले दोर पक्क्या खुंटास बांधून पाण्यांत सोडावे व हवा भरलेली ट्यूब जवळ ठेवावी. मुलांस एकटें पाठवूं नये. पूर आला असतां काळ्या मातीची दरड खालून पोखरली जाते. तिच्यावर बसूं नये. विजेच्या तारांखालीं काठी उचलूं नये.

एवढें सांभाळल्यास हा छंद कोणाच्याही पिकास, पोटास वा जिवास बाधक होणार नाहीं. शिवाय पाण्याजवळ स्वस्थ बसणाऱ्या शेतकऱ्यास पाणी केव्हां गढूळलें, केव्हां उतरलें, त्यांत काय मेलें व काय जगलें, हें इतरांच्या आधीं कळतें. आणि आपल्या वऱ्हाडांत पाण्याकडे लक्ष असणें ही निम्मी शेतीच होय.